पाच टिंबांची सोंगटी

संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने पुण्याला परतत होतो. शेजारच्या सीटवर विशीतला एक मुलगा फोनवर कॅरम खेळत बसला होता आणि मी ठाणं गेल्यापासून त्याच्या फोनमध्ये डोकावत होतो. असं करू नये हे बायको मला नेहमी सांगते. पण कॅरम दिसला की माझा इलाज चालत नाही.

स्ट्रायकर बोटाने मागे ओढला की पडद्यावर एक पांढरी रेघ उमटायची. रेघ सोंगटीपर्यंत जायची आणि तिथून वळून, सोंगटी पुढे कुठे जाणार तेही दाखवायची. रेघ पॉकेटकडे वळली की बोट सोडायचं. बस्स. कर्जतपर्यंत त्या मुलाचा एकही नेम चुकला नाही आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. दर डावानंतर एक खजिन्याची पेटी उघडायची, सोन्याची नाणी सांडायची आणि मग झटपट कर्ज देणाऱ्या कुठल्याशा ॲपची जाहिरात लागायची. घाट सुरू झाला. पहिल्या बोगद्यात शिरलो तसा डाव थिजला आणि मधोमध पाटी आली, इंटरनेट कनेक्शन तपासा. बोगदा संपला, कॅरम सुरू. पुढचा बोगदा, कॅरम बंद.

मला हसू आलं. लाइट गेल्यावर मेणबत्ती लावून डाव पुरा करणारी माणसं आम्ही, बोगद्यात बंद पडणारा कॅरम बघून हसू येणारच. पण ते फार टिकलं नाही. फोनवरचा याहून वाईट कॅरम मला माहीत आहे. तो मी केलाय.

२००५ सालची गोष्ट. कोथरूडला एका सोसायटीत तळमजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आमची कंपनी होती. ओट्यावर सर्व्हर, बाथरूमच्या दाराशी प्रिंटर, आणि आम्ही पाच जण मोबाईलवरचे जावा गेम बनवायचो. आमच्या साहेबांना खेळांबद्दल काहीही वाटत नसे, आणि ते हे मोकळेपणाने सांगत. क्रिकेट करून झालं होतं, सापशिडी करून झाली होती. एका सोमवारी ते म्हणाले, आता कॅरम. "कॅरमला काय लागतं? एकोणीस गोल, चार भोकं. सहा आठवड्यांत होईल." काम माझ्याकडे आलं, कारण मी लालबागचा. लालबागचा म्हणजे कॅरम येणारच, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा नव्हता.

तेव्हा बहुतेकांच्या हातात नोकियाचे छोटे रंगीत फोन होते. पडदा १२८ बाय १२८ टिंबांचा. अख्खा गेम, म्हणजे चित्रं, आवाज, नियम, सगळं मिळून ६४ किलोबाइटमध्ये बसवायचं. आज सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं सुप्रभातचं एक गुलाबाचं फूल त्याहून जड असतं. खऱ्या बोर्डाची खेळायची जागा ७४ सेंटिमीटर बाय ७४ सेंटिमीटर. चौकट, गुणफलक वगैरे वजा जाता आम्हाला तिच्यासाठी साधारण ११० टिंबं मिळाली, म्हणजे एक टिंब जवळपास सात मिलिमीटरचं. सोंगटीचा व्यास तीन सेंटिमीटरच्या जरासा वर. झाली पाच टिंबं. पाच टिंबांत गोल काढता येत नाही, चौकटीच्या वहीत काढून बघा. चौकोन काढून त्याचे चार कोपरे उडवायचे आणि त्याला सोंगटी म्हणायचं. आमच्या चित्रं काढणाऱ्या मुलाने तिला एका टिंबाची चमक दिली होती आणि त्याला तिचा फार अभिमान होता.

दिसण्याचं जाऊ दे. खरी अडचण अशी की त्या फोनमधल्या जावाला अपूर्णांक येत नव्हते. हे मी अलंकारिक बोलत नाही. दशांश चिन्हाचं गणित त्या आवृत्तीत ठेवलेलंच नव्हतं. त्या फोनच्या लेखी दोन होते, तीन होते, अडीच नव्हते. मग आम्ही रुपयांऐवजी पैशांत हिशेब मांडावा तसं करायचो. प्रत्येक आकडा आधी २५६ ने गुणायचा, सगळं गणित पूर्णांकांत करायचं आणि शेवटी भागून टाकायचं. भागल्यावर जी बाकी उरेल ती फोन फेकून द्यायचा. त्या फेकलेल्या बाकीमुळे पुढे एक प्रकार झाला, तो सांगतोच.

भागाकार हे त्या फोनला जड काम. एकोणीस सोंगट्या आणि स्ट्रायकर, प्रत्येकाची प्रत्येकाशी टक्कर होते का हे सेकंदाला पंधरा-वीस वेळा तपासायचं. फोन दमायचा, सोंगट्या अडखळत चालायच्या. तेव्हा मी एक पळवाट काढली. टक्कर होणाऱ्या दोन्ही वस्तूंचं वजन सारखं असेल तर गणित फार सोपं होतं. समोरासमोरच्या टकरीत याचा वेग त्याला द्यायचा, त्याचा याला. नुसती अदलाबदल. मी स्ट्रायकरचं आणि सोंगटीचं वजन सारखं करून टाकलं. फोन खूश, साहेब खूश.

स्ट्रायकर नियमाप्रमाणे १५ ग्रॅमपर्यंत असतो आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं, म्हणून तर हे लिहितोय.

आता अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यानंतर कधी धड चालली नाही. मी तेव्हा चार वर्षांचा, त्यामुळे संपातलं मला काही आठवत नाही. मला आठवते ती पुढच्या सात-आठ वर्षांतली चाळीच्या तळमजल्यावरची मंडळाची खोली. गणपतीचा मखर वर माळ्यावर बांधून ठेवलेला, खाली ड्रमवर कॅरम बोर्ड, वर पत्र्याच्या टोपीतला बल्ब इतका खाली ओढलेला की उभं राहताना डोकं आपटायचं. दुपारी अकरापासून माणसं असायची. घराघरांत साखर मोजून वापरत होते, पण बोर्डावर बोरिक पावडर कधी कमी पडल्याचं मी पाहिलं नाही. कुठून यायची देव जाणे.

अण्णा काही नामांकित खेळाडू नव्हते. मारिया इरुदयम यांना १९९६ साली कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्यालाच मिळाल्यासारखे पेढे त्यांनी वाटले, पण स्वतः मंडळाच्या स्पर्धेत दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपुढे गेले नाहीत. खेळायला बसले की मात्र बघत राहावं. आधी तळहाताने बोर्डाचा आपल्या बाजूचा भाग हलकेच पुसायचे. मग स्ट्रायकर दोन रेषांमध्ये ठेवायचा, दोन्ही रेषांना टेकलाय की नाही हे वाकून बघायचं. करंगळी बोर्डाला टेकवलेली, मधल्या बोटाचं नख स्ट्रायकरच्या मागे. आणि मग एक क्षण, ज्यात खोलीतले सगळे गप्प. टिचकी मारल्यावर बोट लगेच न उचलता तसंच पुढे नेऊन ठेवायचे, जणू स्ट्रायकरला दारापर्यंत सोडायला गेलेत. कोपर बाणाच्या रेषेबाहेर गेलं की समोरचा ओरडायचा, आणि अण्णा न बघताच म्हणायचे, "आत आहे."

दिवाळीत मी तयार झालेला गेम घालून नोकिया त्यांच्या हातात दिला. अजून विक्रीला गेला नव्हता, टेस्टिंग चालू होतं. अण्णांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला.

"चार आणि सहाने स्ट्रायकर सरकतो," मी सांगितलं. "दोन आणि आठने दिशा. मग पाच दाबून धरायचं, जितका वेळ धराल तितका जोर."

"म्हणजे नेम आधी आणि जोर नंतर?"

"हो."

"एकदम नाही?"

"एकदम कसं करणार अण्णा, बटणं आहेत."

ते काही बोलले नाहीत. पण मी सहा आठवडे ज्या गोष्टीवर काम करत होतो तिच्यातली मूळ गफलत त्यांनी हात लावण्याआधीच बोलून दाखवली होती. बोटाच्या एकाच हालचालीत दिशा आणि जोर दोन्ही असतात. लांबचा कट हळू मारायचा तर बोट वेगळं धरावं लागतं आणि ते वेगळं धरलं की नेम बदलतो. आम्ही त्या एका गोष्टीचे दोन तुकडे करून दोन बटणांना वाटून दिले होते.

त्यांनी एक सरळ शॉट मारला. सोंगटी गेली. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ आणला.

"हा थांबला का?"

"कोण?"

"स्ट्रायकर. सरळ शॉट आहे ना? सोंगटी गेली की हा मागून जायला पाहिजे. हा जागच्या जागी थांबतोय, गोटीसारखा. तुम्ही कॉम्प्युटरवर गोट्या खेळता काय रे?"

पुण्याला आल्यावर मी कागदावर गणित मांडलं. एक वस्तू दुसरीच्या तिप्पट जड असेल आणि समोरासमोर टक्कर झाली तर, घर्षण सोडून दिलं तर, जड वस्तूचा निम्मा वेग शिल्लक राहतो. म्हणजे स्ट्रायकर निम्म्या वेगाने सोंगटीच्या मागोमाग जातो. आणि पॉकेटच्या रेषेत जोरात सरळ मारलं तर सोंगटीपाठोपाठ स्वतःही आत पडतो. मग दंड, सोंगटी परत बोर्डावर. म्हणून कॅरम मुरलेला माणूस सरळ शॉट दिसला की हुरळून जात नाही. तो जरासा कट देतो, स्ट्रायकर बाजूला काढतो. आमच्या गेममध्ये सरळ शॉट हा जगातला सर्वांत सुरक्षित शॉट झाला होता. एक भागाकार वाचवला आणि शहाणा खेळाडू मूर्ख ठरला, मूर्ख शहाणा.

फोनच्या बाजूने खेळणारा जो कॉम्प्युटर होता त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. त्याला सगळं अचूक माहीत. मग त्याला माणसाळवायचं कसं? आम्ही त्याच्या नेमात मुद्दाम चूक मिसळली. सोप्या पातळीवर जास्त अंश, अवघडवर कमी. परिणाम असा की हा गडी पॉकेटपाशी असलेली सोंगटी घालवायचा आणि पुढच्याच शॉटला बोर्डाच्या दुसऱ्या टोकावरून डबल रिबाउंड मारायचा. अण्णा चार डाव खेळले आणि म्हणाले, "हा चुकतो, पण का चुकतो ते कळत नाही."

मंडळाच्या खोलीत कोण का चुकतो हे सगळ्यांना माहीत असायचं. शेजारच्या खोलीतले एक काका क्वीन दिसली की कव्हरला सोंगटी आहे की नाही न बघता क्वीनवर जायचे. दुसरे एक जण मागे बायकांचा घोळका उभा असला की हटकून अंगठ्याने मारायचे आणि हटकून फसायचे. एकाला जिंकायला एकच सोंगटी उरली की हाताला घाम यायचा, समोरचा मुद्दाम पावडरचा डबा पुढे करायचा. माणसाच्या चुकीला लोभ असतो, भीती असते, मिरवणं असतं. त्या चुका ओळखून खेळणं हाच निम्मा खेळ. आमच्या गड्याला चूक करता येत होती, लोभ करता येत नव्हता.

हे सगळं फोन लहान होता म्हणून झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याहून लहान यंत्रांवर लोकांनी काय केलंय हे नंतर वाचलं तेव्हा ती सबब गेली. १९७९ साली अटारीच्या घरगुती गेमयंत्रावर बुद्धिबळ आलं. त्या यंत्राची चालती स्मृती १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. आज युनिकोडमध्ये तेवढ्या जागेत देवनागरीची बेचाळीस चिन्हं बसतात, हे वाक्यसुद्धा बसणार नाही. एका रांगेत आठ मोहरी दाखवायची त्या यंत्राची ऐपत नव्हती, म्हणून मोहरी आडव्या पट्ट्यापट्ट्यांनी काढली, खिडकीच्या झडपेआडून बघावीत तशी. यंत्र विचार करायला लागलं की पडद्यावर नुसते रंग नाचायचे, कारण विचार करता करता पट दाखवत राहणं त्याला झेपत नव्हतं. पुढे १९८२ साली एका घरगुती संगणकावर ६७२ बाइटमध्ये बसणारं बुद्धिबळ एकाने लिहिलं. त्यात किल्लेकोट नव्हता, शेवटच्या घरात गेलेल्या प्याद्याला बढती नव्हती. पण घोडा अडीच घरंच जायचा आणि यंत्र त्याच्या कुवतीप्रमाणे उलट चाल करायचं.

दिसायला आमच्या कॅरमहून कितीतरी गरीब, आणि तरी ते बुद्धिबळ होतं. याला कारण आहे. बुद्धिबळाचा जीव लाकडात नाही. बटणं आणि खडू घेऊन फरशीवर खेळता येतं, पोस्टकार्डावर चाली पाठवून लोक खेळले, डोळे बांधून खेळतात. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसा प्रत्येक खेळाचा जीव कुठल्यातरी पोपटात असतो. बुद्धिबळाचा पोपट चालींत आहे, म्हणून तो कुठल्याही पिंजऱ्यात मावतो. कॅरमचा पोपट प्लायवूडमध्ये आहे, पावडरीत आहे, १५ ग्रॅम आणि साडेपाच ग्रॅम यांच्यातल्या फरकात आहे. आम्ही राक्षसाचा पुतळा केला आणि पोपट विसरलो.

डेक्कन क्वीनमधल्या मुलाच्या फोनमध्ये आमच्या नोकियाच्या हजारो पट स्मृती असेल. सोंगट्यांवर सावल्या होत्या, बोर्डाच्या लाकडाला शिरा होत्या. स्ट्रायकर तर आगीचा होता, अक्षरशः पेटलेला, बहुधा पैसे देऊन घेतलेला. आणि नेम दाखवणारी ती रेघ. ज्या एका क्षणासाठी खोली गप्प व्हायची तो क्षणच आखून दिलेला. आमच्याकडे साधनं नव्हती म्हणून पोपट सुटला असं म्हणता येईल. यांनी सोन्याचा पिंजरा करून तो रिकामा विकायला ठेवलाय.

व्यापारचं तर याहून मजेशीर आहे. आपल्याकडे व्यापार किंवा बिझनेस नावाने मुंबई-दिल्लीसह जो पट घरोघरी आला, त्याचं मूळ अमेरिकेत. लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली ज्या खेळाचं पेटंट घेतलं तो जमीनदार भाड्यावर कसे गब्बर होतात आणि बाकीचे कसे कफल्लक, हे दाखवण्यासाठी केला होता. आम्ही भावंडांनी त्यातून नेमका उलटा धडा घेतला, पण ते असो. काही वर्षांपूर्वी मी या खेळाचं एक मोबाईल रूप विकत घेतलं. नियम सगळे बरोबर होते. कुणी जागा घेतली नाही तर तिचा लिलाव करायचा हा मूळ नियमही त्यात होता, जो आमच्या अख्ख्या आळीत कुणाला माहीत नव्हता. आणि तरी तीन डावांत कंटाळा आला. सौदा करायचा तर एक चौकट उघडायची, आपली जागा इकडे, त्याची जागा तिकडे, खाली दोन बटणं, मान्य आणि अमान्य.

माझ्या धाकट्या बहिणीने मला एकदा दिल्ली दिली होती ती या बोलीवर, की आठवडाभर सकाळी दुधाच्या रांगेत तिच्याऐवजी मी उभा राहायचं. मी चार दिवस उभा राहिलो आणि पाचव्या दिवशी मोडलं, तर तिने पुढच्या डावात बँक आपल्याकडे घेतली आणि मला कर्ज दिलं नाही. हा सौदा कुठल्या चौकटीत भरायचा? भाडं दोन फेऱ्या माफ करतो पण दादाला मुंबई विकू नकोस, असले करार तर दर डावात व्हायचे. खेळ पटावर जेवढा होता त्याहून पटाबाहेर जास्त होता. त्या गेमचं कोड लिहिणाऱ्याने नियमांचा कागद नीट वाचला असणार, यात शंका नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या घराण्यात लुडो शिरला. मी पुण्यात, बहीण ठाण्यात, मावशी कोल्हापुरात, मावसभाऊ न्यू जर्सीत. त्याची सकाळ, आमची रात्र. आपल्या पचिसीला विलायतेत कोट चढवला, तो फिरून परत आला आणि आता तो फोनवर खेळायचा. वाईट नव्हतं. त्या दिवसांत त्या चार रंगीत घरांनी आम्हाला धरून ठेवलं, हे कबूल केलं पाहिजे. पण दुसऱ्याच आठवड्यात मावशीने जाहीर केलं, "या फाशात काहीतरी आहे. मला मुद्दाम सहा देत नाही."

मी तिला गणित समजावलं. फासा खरा असला तरी एखाद्याला सलग दहा वेळा सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के असते. चौघांच्या डावात पहिल्या दहा फेऱ्यांत कुणाच्या तरी नशिबी हे येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. म्हणजे दर दोन डावांत एकदा कुणीतरी रडणार, मावशी, आणि ते तू असलीस तर त्यात फाशाचा दोष नाही. मावशी शांतपणे ऐकून म्हणाली, "तू त्यांची बाजू घेऊ नकोस."

खरा फासा असता तर तिने तो मुठीत घेऊन फुंकर मारली असती, गादीवरून घरंगळला म्हणून परत टाकला असता, जागा बदलून बसली असती. राग काढायला फाशाला सहा बाजू असतात. फोनमधल्या फाशाला एकही नाही, म्हणून संशय थेट आत बसलेल्या अदृश्य माणसावर जातो.

आणि मी तिला एक गोष्ट सांगितली नाही. कोथरूडच्या आमच्या कंपनीत कॅरमच्या आधी सापशिडी केली होती. तिच्यात साहेबांनी एक ओळ घालायला लावली होती. नवीन माणूस पहिला डाव खेळत असेल तर त्याला नव्व्याण्णवच्या आसपासचे साप लागू द्यायचे नाहीत, फासा हळूच वळवायचा. "पहिला डाव जिंकला तर दुसरा खेळेल." सापशिडी म्हणजे मोक्षपटाची नात. पुण्याने वर चढायचं, पापाने खाली यायचं, अशी ती कल्पना, आणि तिची परंपरा आपल्याकडे ज्ञानेश्वरांपर्यंत नेतात. आम्ही एका ओळीत कर्मफळ वळवलं. ती ओळ मी लिहिली होती. तेव्हा मावशीच्या लुडोत काही होतं की नव्हतं याची शपथ मी तरी घेणार नाही.

अण्णांकडे परत जातो. त्या दिवाळीतला शेवटचा भाग राहिलाय.

गोट्यांवरून बोलणी खाऊन मी फोन परत मागितला होता. ते म्हणाले, थांब, एक शॉट. चारवर दाबत स्ट्रायकर डावीकडे नेला, बराच वेळ आठवर दिशा लावत बसले, आणि पाच अगदी हलकं दाबलं. पांढरी सोंगटी निघाली, रांगत रांगत उजव्या पॉकेटकडे गेली आणि अगदी तोंडावर, अर्धी आत अर्धी बाहेर, थांबली.

अण्णा पहिल्यांदा हसले. "ही बघ! बसली तोंडावर!" त्यांनी काकूंना हाक मारली. काकू चकल्यांचा घाणा सोडून येणार नव्हत्या, तरी हाक मारली. मग ते मांडी घालून खेळायलाच बसले. तोंडावर बसलेली आपली सोंगटी म्हणजे काय, हे कॅरमवाल्याला सांगावं लागत नाही. ती घरात ठेवलेल्या सोन्यासारखी असते. कधीही घालता येते, म्हणून घालायची नाही. ती तिथे असेपर्यंत ते पॉकेट समोरच्याला बंद. त्याने जोर करून आपली सोंगटी त्या वाटेने नेली तर आधी आपली पडणार. अण्णांनी दुसरीही तशीच हलक्या हाताने दुसऱ्या तोंडावर नेऊन बसवली. कॉम्प्युटर मूर्खासारखा त्या बंद दारांवर धडका देत राहिला आणि अण्णांच्या सोंगट्या पाडत राहिला. बॅटरीची शेवटची कांडी लुकलुकायला लागली तेव्हा कुठे त्यांनी फोन दिला. "एवढं मात्र बरोबर केलंस," ते म्हणाले.

मी काही केलं नव्हतं. हळू चाललेल्या सोंगटीचा वेग भागता भागता एकाच्या खाली जायचा, एकाच्या खाली त्या फोनला काही येत नव्हतं, बाकी फेकली जायची आणि सोंगटी वेळेआधीच थांबायची. पॉकेटपाशी सोंगट्या बहुतेक हळूच पोचत, म्हणून त्या तिथे जास्त अडकत. प्लायवूडवर पावडर संपलेल्या जागी जे होतं, ते गणितातल्या चुकीने आपोआप झालं होतं.

सोमवारी ऑफिसला गेलो तर टेबलावर टेस्टरची यादी. एकतीस चुका. स्ट्रायकरच्या वजनाचा त्यात उल्लेख नव्हता, कारण तिने कधी कॅरम खेळलेला नव्हता. नऊ नंबरला लिहिलं होतं: सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी थांबते, आत जात नाही. पुढे लाल शाईत, तातडीचं.

वजनाचं मी साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, कुणाच्या लक्षात येणार आहे? शुक्रवारी गेम द्यायचा होता. मग नऊ नंबर उघडला. सोंगटी पॉकेटजवळ आली की तिला थोडं आत ओढून घ्यायचं, असं लिहिलं. चार ओळींचं काम होतं, चहाच्या आधी झालं.